लिंकनचं कर्ज

अमेरिकेत १९५२ पासून मिशिगन विद्यापीठातली अभ्यासक मंडळी निवडणुकीच्या साली लोकांच्या दारात जाऊन एक प्रश्न विचारत आलेली आहेत. प्रश्न साधाच आहे, पण त्याची ठेवण बघण्यासारखी आहे. मत कुणाला दिलं, असं ते विचारत नाहीत. पावती कुठल्या पक्षाची फाडली, असंही विचारत नाहीत. ते विचारतात, एकूणात तुम्ही स्वतःला काय समजता? रिपब्लिकन, डेमोक्रॅट, का कुणाचेच नाही?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. फक्त आपल्याकडे तो एसटीत विचारतात. शेजारी बसलेला माणूस गाव विचारतो, आडनाव विचारतो, आडनावावरून अंदाज आला नाही तर जरा घुटमळतो आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे कोणाच्यातले तुम्ही?" या 'कोणाच्यातले' मध्ये सगळं आलं. तुम्ही काय करता, काय विचार करता, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुम्हाला कुठल्या दावणीला बांधायचं, एवढंच त्याला पाहिजे असतं.

त्या मिशिगनवाल्यांनी १९६० मध्ये 'द अमेरिकन व्होटर' नावाचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात त्यांनी मांडलं ते असं, की पक्ष ही माणसाची फार जुनी ओळख असते. बहुतेकांना ती आईबापाच्या घरातच मिळते. पक्षाचं धोरण काय, जाहीरनामा काय, हे कळायच्या आधी मिळते. आणि एकदा मिळाली की माणूस जगाकडं त्याच चष्म्यातून बघतो. आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यानं शेण खाल्लं तरी त्याला ते शेण दिसत नाही. आता मला सांगा, जी गोष्ट जन्मानं मिळते, बापाकडून पोराकडं जाते आणि विचार करायच्या आधी डोक्यात बसते, तिला आपण काय म्हणतो?

पण लगेच 'पक्ष म्हणजे जातच' असं म्हणून मोकळं होऊ नका. मला जो प्रश्न छळतो आहे तो त्याच्या पुढचा आहे. एखाद्या पक्षानं आपल्या बापजाद्यांवर खरोखरच उपकार केलेले असले, तर आपण त्या पक्षाचे किती पिढ्या लागतो? आणि पिचलेल्या समाजातला एखादा पोरगा "मी तुमच्या पक्षाचा नाही" म्हणाला, तर तो गद्दार असतो का शहाणा? हा प्रश्न पुस्तकातला नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक निवडणुकीत, हा प्रश्न एखाद्या पोराच्या अंगावर येतो. त्याला घरचे बोलतात, समाजमंदिराच्या ओट्यावरचे म्हातारे बोलतात. मी अशी पोरं बघितली आहेत.

आधी एक गोष्ट साफ करू. 'अमक्या पक्षाचा' असणं सगळीकडं एकाच तऱ्हेचं नसतं. इंग्लंडात पक्षाचा सभासद व्हायचं तर वर्गणी भरावी लागते, कार्ड मिळतं, आणि फार बोललात तर हाकलूनही देतात. मजूर पक्ष तर १९०० मध्ये कामगार संघटनांनी मिळून उभा केला. खाणीतला कामगार आधी युनियनचा असायचा आणि युनियनमुळं पक्षाचा व्हायचा. युनियनच्या वर्गणीतून पक्षाचा वाटा कापायचा, तो कामगारानं 'नको' म्हटलं नाही म्हणून कापायचा का 'हो' म्हटलं म्हणून कापायचा, यावर इंग्लंडात १९१३ पासून कायदे उलटेपालटे होत आले. १९२७ ला एक तऱ्हा, १९४६ ला उलट, २०१६ ला पुन्हा उलट. गंमत वाटेल, पण हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. माझी चुप्पी म्हणजे माझा होकार का?

अमेरिकेत वर्गणी नाही, कार्ड नाही. तीसेक राज्यांत सरकारी मतदार यादीतच तुमच्या नावासमोर पक्ष लिहिला जातो. आपला आपण लिहून द्यायचा. पक्षाला तुम्हाला काढून टाकता येत नाही, कारण त्यानं तुम्हाला घेतलेलंच नसतं. आणि उत्तर आयर्लंडात तर १९९८ च्या करारानं प्रत्येक आमदाराला सभागृहाच्या वहीत लिहून द्यावं लागतं, की मी 'नॅशनलिस्ट', 'युनियनिस्ट' का 'इतर'. महत्त्वाच्या ठरावाला दोन्ही बाजूंचं वेगवेगळं बहुमत लागतं. 'इतर' म्हणणाऱ्याच्या मताला तिथं वजन कमी. नोव्हेंबर २००१ मध्ये डेव्हिड ट्रिम्बल यांना मुख्य पदावर निवडायला युनियनिस्टांची मतं कमी पडली, तेव्हा 'इतर' म्हणवणाऱ्या अलायन्स पक्षाच्या तीन सभासदांनी तेवढ्यापुरतं स्वतःला युनियनिस्ट लिहून घेतलं. निवडणूक पार पडली, झालं काम. ज्या ओळखीपायी तीस वर्षं माणसं मेली, ती ओळख वहीत खोडून बदलता आली. मला हे वाचून हसू आलं आणि मग जरा विचारही आला, की आपल्याला अशी वही कुणी दिली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला बोलायचं आहे ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल. कारण आपण त्यांचं नाव फार घेतो. पँथर हे नाव आपण त्यांच्याकडून घेतलं, १९७२ मध्ये. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि डुबॉईस यांनी उत्तरही दिलं होतं. हे सगळं आपण भाषणात सांगतो. पण त्या माणसांनी पक्ष नावाच्या जनावराशी शंभर-दीडशे वर्षं कशी झुंज दिली, ते आपण सांगत नाही.

रिपब्लिकन पक्ष तिकडं १८५४ मध्ये निघाला तो गुलामगिरीचा फैलाव रोखायला. १८६० मध्ये लिंकन निवडून आला, १८६३ च्या पहिल्या जानेवारीला त्याचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला, १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी गेली, १८७० मध्ये काळ्या पुरुषाला मताचा हक्क आला. त्याच साली मिसिसिपीमधून हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला गेला. अर्थात रिपब्लिकन म्हणूनच. दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे गुलामांच्या मालकांचा पक्ष. तेव्हा काळा माणूस रिपब्लिकन असणार, यात विचारायचं काय राहिलं? स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस म्हणत, की रिपब्लिकन पक्ष हेच आपलं जहाज आहे, बाकी सगळा समुद्र.

पण याच डग्लसनी १८७६ मध्ये वॉशिंग्टनला लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणाला, राष्ट्राध्यक्ष समोर बसलेला असताना, काय सांगितलं? त्यांनी सांगितलं, की लिंकन हा मुळात गोऱ्यांचा अध्यक्ष होता. गोरे त्याची मुलं, आम्ही फार तर सावत्र. पुतळ्याला हार घालायचा आणि पुतळ्याचं मापही घ्यायचं, ही दोन्ही कामं त्या माणसानं एकाच भाषणात केली. आपल्याकडं हार घालणारे पुष्कळ, माप घेणारे कमी.

पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, रिपब्लिकन पक्षानं अध्यक्षपदाच्या सौद्यात दक्षिणेतलं लष्कर मागं घेतलं आणि काळ्या माणसाला त्याच्या जुन्या मालकाच्या हवाली केलं. मग आले मतदानावरचे कर, वाचनाच्या परीक्षा, झाडाला टांगलेली प्रेतं. तरीसुद्धा काळा माणूस पन्नास वर्षं रिपब्लिकनच राहिला. घराघरांत लिंकनची तसबीर होती. पक्षानं पाठ फिरवली, पण तसबीर भिंतीवरच होती.

इथं माझ्या डोक्यात आपली एक म्हण वाजते. खाल्ल्या मिठाला जागावं. ही म्हण कुणी कुणाला ऐकवली? गावानं आपल्याला ऐकवली. गावकीची रात्रंदिवस कामं करायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात दारोदार फिरून शिळं तुकडं गोळा करायचं. त्या तुकड्याला हक्क म्हणायचं. वर ऐकायचं, की गावाचं मीठ खाता, गावाला जागा. मीठ कुणाचं होतं? शेतात कुणाचा घाम जिरला होता? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा आपल्यातलेच कित्येक जण घाबरले. वतन गेलं तर खायचं काय? माणसाला साखळीचीही सवय होते, आणि साखळी थोडी जमीन, थोडी भाकर देत असली तर तिला तो हक्कच समजतो.

उपकाराचा प्रश्न असा आहे. जे मुळात आपलंच होतं, ते ज्यानं परत दिलं किंवा थोडं परत मिळू दिलं, त्याचे उपकार मानावेत का? मला वाटतं, मानावेत. माणुसकी आहे, मानावेत. पण उपकार मानणं आणि मिंधं होणं या दोन गोष्टी आहेत. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ओ'कॉनेल या आयरिश पुढाऱ्याचं म्हणणं सांगितलं होतं. आपली इज्जत गहाण टाकून कुणाही माणसानं कृतज्ञ राहू नये, आणि राष्ट्रानं तर स्वातंत्र्य देऊन कृतज्ञता दाखवू नयेच. आणि त्याच दमात ते म्हणाले, की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती माणसाला खड्ड्यात नेते. हे वाक्य आपण दुसऱ्यांच्या भक्तांना ऐकवतो. ते स्वतःच्या कपाटातही लावून बघायला हवं.

१९३२ मध्ये रॉबर्ट व्हॅन नावाचा एक काळा संपादक उठला. 'पिट्सबर्ग कूरियर' हे त्याचं वर्तमानपत्र. त्यानं क्लीव्हलंडला भाषण करून लोकांना सांगितलं, की घरी जा आणि लिंकनची तसबीर उलटी करून ठेवा, ते कर्ज फिटलं. त्या साली बहुतेक काळ्या मतदारांनी त्याचं ऐकलं नाही. मंदीनं उपाशी मरत असतानाही त्यांनी हूवरलाच मत दिलं. पण १९३६ मध्ये दहातले सातेक जण रूझवेल्टकडं, म्हणजे मालकांच्या त्या जुन्या डेमोक्रॅटिक पक्षाकडं गेले. भाकरीचा आणि कामाचा प्रश्न होता.

रूझवेल्ट देवमाणूस होता असं समजू नका. त्याच्याच पक्षाच्या दक्षिणेतल्या सिनेटरांना दुखवायला नको म्हणून तो झुंडबळींविरुद्धच्या कायद्याच्या मागं उभा राहिला नाही. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, त्यातून शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या. दक्षिणेतला काळा माणूस शेतात नाही तर गोऱ्याच्या चुलीपाशी राबत होता, म्हणजे कायद्यात जातीचं नाव न घेता जात वगळली. ही कारागिरी आपल्या ओळखीची आहे. आणि डुबॉईसचं उदाहरण त्याच्याही आधीचं. त्यांनी १९१२ मध्येच रिपब्लिकन दावण सोडून विल्सन या डेमोक्रॅटला पाठिंबा दिला होता. विल्सननं निवडून आल्यावर वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांची टेबलं वेगळी करायला परवानगी दिली. १९५६ मध्ये डुबॉईस यांनी लेख लिहून जाहीर केलं, की मी आता कुणालाच मत देत नाही. तेव्हा पक्ष बदलला की सुटलो, असं नाही. दावण बदलते, गोठा तोच असू शकतो.

त्या काळात दक्षिणेत एक प्रकार चालायचा, तो आपल्या कार्यकर्त्यांनी पाठच करून ठेवावा. तिथं रिपब्लिकन नावालाच होते. डेमोक्रॅटिक पक्षात ज्याची उमेदवारी ठरली तो निवडून आलाच. ती उमेदवारी ठरवायला पक्षात आधी एक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. टेक्सास राज्यानं १९२३ मध्ये कायदा केला, की डेमोक्रॅटिक प्रायमरीत निग्रोनं मत द्यायचं नाही. एल पासो गावचे डॉक्टर निक्सन कोर्टात गेले. मार्च १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा रद्द केला. मग टेक्सासनं म्हटलं, ठीक आहे, सरकार काही ठरवणार नाही, पक्षाची कमिटी ठरवेल. १९३२ मध्ये तेही रद्द झालं. मग पक्षाच्या अधिवेशनानंच ठराव केला, की आमच्या पक्षात फक्त गोरे. आता पक्ष म्हणजे खाजगी क्लब. खाजगी क्लबात कुणाला घ्यायचं हे क्लब ठरवणार. १९३५ मध्ये कोर्टानं हे चक्क मान्य केलं. शेवटी ह्यूस्टनच्या लॉनी स्मिथ या दाताच्या डॉक्टरनं लढून १९४४ मध्ये ती भिंत पाडली.

साल परत वाचा. मार्च १९२७. त्याच महिन्यात, २० तारखेला, आपली माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली. बोले यांचा ठराव १९२३ चा. आणि तळ्यावर पाणी प्याल्यावर सवर्णांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खाजगी आहे. हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल लागायला १९३७ उजाडलं. दोन देश, सात समुद्र मध्ये, आणि वरच्यांचं डोकं एकाच साच्यातलं. कायद्यानं दार उघडलं की ते म्हणतात, दार आमच्या घराचं आहे.

यातून पक्षाबद्दल एक गोष्ट कळते. पक्ष 'आपला' आहे का नाही, हे बघायला आपण मत कुणाला देतो ते बघून चालत नाही. उमेदवाराचं नाव जिथं ठरतं, त्या खोलीत आपण आहोत का, ते बघावं लागतं. पुणे करारात, २४ सप्टेंबर १९३२ ला, राखीव जागा १४८ झाल्या हे आपण सांगतो. त्यात एक प्रायमरीही होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चौघांची नावं निवडायची, आणि मग त्या चौघांतून सगळ्या गावानं एकाला निवडायचं. तीही फार तर दहा वर्षं. म्हणजे शेवटचा शब्द गावाचाच. चौघांतला जो जास्त मवाळ, जास्त वाकणारा, तो गावाला बरा वाटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बाबासाहेब स्वतः १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पडले. दोन्ही वेळा समोर काँग्रेसचा उमेदवार होता, आणि तो आपल्यातलाच होता.

आता फॅनी लू हेमरची गोष्ट सांगतो आणि सावकाश सांगतो. मिसिसिपीतल्या रूलव्हिल गावची ही बाई. कापसाच्या मळ्यावर बटाईनं राबणारी, वीस भावंडांतली शेवटची. ३१ ऑगस्ट १९६२ ला ती मतदार यादीत नाव घालायला गेली. परत आली तर मालकानं तिला मळ्यावरून हाकललं. पुढच्या साली तुरुंगात तिला इतकं मारलं की शरीर कायमचं अधू झालं. मिसिसिपीच्या डेमोक्रॅटिक पक्षात काळ्याला जागाच नव्हती, म्हणून या लोकांनी १९६४ मध्ये स्वतःचा 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष' काढला. गोऱ्यांनाही दार उघडं ठेवलं. अडुसष्ट प्रतिनिधी निवडले, आणि ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन म्हणाले, मिसिसिपीचा खरा डेमोक्रॅटिक पक्ष आम्ही आहोत, त्या खुर्च्या आम्हाला द्या.

हेमरबाईंनी कमिटीपुढं मारहाणीची हकीकत सांगितली. टीव्हीवर देश बघत होता. अध्यक्ष जॉन्सन इतका घाबरला की त्यानं कॅमेरे आपल्याकडं वळावेत म्हणून ऐनवेळी पत्रकार परिषद बोलावली. हाच जॉन्सन, ज्यानं दीडेक महिन्यापूर्वी नागरी हक्काच्या कायद्यावर सही केली होती. मग तडजोड आली. गोरं शिष्टमंडळ आपल्या जागी राहील, तुम्हाला दोन जागा देतो. बाकीचे पाहुणे म्हणून बसा. आणि त्या दोघांची नावंही वरूनच आली.

मोठी मोठी माणसं म्हणाली, घ्या. बेयार्ड रस्टिनसारखा जुना झुंजार कार्यकर्ता म्हणाला, राजकारणात तडजोड करावी लागते, घ्या. हा युक्तिवाद हलका नव्हता. समोर गोल्डवॉटर उभा होता, त्यानं नागरी हक्काच्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. जॉन्सन पडला असता तर? पण हेमरबाई म्हणाल्या, आम्ही सगळे दमलो आहोत, आणि एवढ्या लांब दोन जागांसाठी आलेलो नाही. अडुसष्ट माणसांनी नाही म्हटलं.

आणि मग त्याच बाईनं काय केलं? गोल्डवॉटरकडं गेली नाही. मिसिसिपीत परत येऊन त्याच जॉन्सनसाठी प्रचार केला. नोव्हेंबरमध्ये काळ्यांची शंभरातली नव्वदाच्या वर मतं जॉन्सनला पडली. हे ज्याला विसंगत वाटतं, त्याला राजकारण कळलेलं नाही. मत एका गोष्टीसाठी असतं, मिंधेपणा नाकारणं दुसऱ्या. शत्रू कोण, हे बघून मत दिलं. आणि मालक कुणी नाही, हे अटलांटिक सिटीत सांगून झालं होतं. १९६५ चा मतदान हक्काचा कायदा आला. १९६४ मध्ये मिसिसिपीत शंभरातले सातही काळे यादीत नव्हते, ते तीन वर्षांत साठाच्या आसपास गेले. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात काळ्या-गोऱ्यांचं मिळून नवं शिष्टमंडळ बसलं, त्यात हेमरबाई होत्या.

तेव्हापासून काळा माणूस डेमोक्रॅट, ही गोष्ट जवळजवळ पक्की झाली. आणि आता दुसरी बाजू सुरू होते. ज्याचं मत नक्की, त्याची किंमत कमी. पॉल फ्रायमर नावाच्या अभ्यासकानं १९९९ मध्ये हे मांडलं, की एका पक्षानं ज्यांना गृहीत धरलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं, ते मतदार पकडले गेलेले असतात. मे २०२० मध्ये जो बायडन एका काळ्या मुलाखतकाराला रेडिओवर म्हणाले, की मी का ट्रम्प हे ठरवायला ज्याला अडचण पडते तो काळाच नाही. त्याच दिवशी त्यांना दिलगिरीच्या सुरात बोलावं लागलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. एक गोरा पुढारी काळ्या माणसाला सांगतो, तू काळा आहेस का नाहीस. आणि त्या नोव्हेंबरात काळ्यांनी पुन्हा त्यालाच निवडून आणलं. २०२४ मध्ये थोडी मतं सरकली, पण मोठा भाग तिथंच राहिला.

याचा उलगडा इस्माईल व्हाईट आणि क्रिल लेअर्ड यांनी २०२० च्या पुस्तकात केला आहे. पुष्कळ काळी माणसं मतानं डेमोक्रॅटांशी जुळत नाहीत, तरी डेमोक्रॅट राहतात. कारण शेजारपाजार, चर्च, नातीगोती बघत असतात. विचारणारा काळा असला, तर स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे आणखी वाढतात. ते दोघं याला मेंढरांचा कळप म्हणत नाहीत, आणि मला ते पटतं. गुलामगिरीतून आलेल्या समाजाकडं पैसा नव्हता, बंदूक नव्हती, एकी तेवढी होती. पाचशे डॉलरला एक माणूस फुटला की सगळी गल्ली बुडते, म्हणून गल्ली त्याच्यावर डोळा ठेवते. ओट्यावरचा आपला म्हातारा पोराला बोलतो तेव्हा तोही हेच करत असतो. त्यानं गावाचे बहिष्कार बघितलेत. त्याला हसू नका.

पण मी त्या म्हाताऱ्याला एक विचारतो. बाबा, डोळा फक्त पोरावरच का? गल्लीची शिस्त पुढाऱ्याला का लागत नाही? पोरानं एक मत इकडचं तिकडं टाकलं तर तो समाजाला विकणारा, आणि पुढारी अख्ख्या समाजाची मतं एका महामंडळासाठी नाही तर एका विधान परिषदेच्या जागेसाठी उचलून देतो, तो मुत्सद्दी? हेमरबाईंच्या अडुसष्ट जणांत शिस्त होती, पण ती शिस्त वर बसलेल्यांनाही बांधत होती. ज्या दोघांची नावं वरून आली, त्यांना तडजोड परस्पर घेऊन टाकता आली नाही.

आणि नावाचं म्हणाल, तर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ मध्ये तो बाजूला ठेवून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढली. तीही संपवून रिपब्लिकन पक्ष काढायचं त्यांनी ठरवलं, आणि त्यांच्यामागं ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात तो निघाला. वीस वर्षांत तीन पक्ष. ते पक्षाकडं अवजार म्हणून बघत होते, काम बदललं की अवजार बदललं. फेडरेशनचा हत्ती पुढं रिपब्लिकनांकडं आला, मग १९८४ नंतर बहुजन समाज पक्षाकडं. अमेरिकेतल्या रिपब्लिकनांचाही हत्तीच आहे, तो त्यांना एका चित्रकारानं १८७४ मध्ये चिकटवला. हत्ती काही कुणाचा सातबारा नाही. आपण मात्र अवजाराची तसबीर करून भिंतीवर लावली, आणि त्या तसबिरीच्या किती फ्रेमा झाल्या, कुठल्या गटाच्या कंसात कुठलं अक्षर, हे आता आपल्याच पोरांना सांगता येत नाही.

अलाबामातल्या लाउंड्स जिल्ह्यात १९६५ च्या सुरुवातीला शंभरातली ऐंशी माणसं काळी होती आणि मतदार यादीत त्यांतला एकही नव्हता. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं, आणि वर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. लोकांनी यादीत नावं घातली, मळ्यांवरून हाकलले गेले, रस्त्याकडेला तंबूत राहिले. जिल्ह्याच्या डेमोक्रॅटांनी उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशे केली. तेव्हा हे लोक म्हणाले, जा, आम्हाला तुमचा कोंबडा नको. त्यांनी जिल्ह्यापुरताच स्वतःचा पक्ष काढला, आणि वाचता न येणाऱ्याला ओळखता यावं म्हणून चिन्ह घेतलं काळा पँथर. ओकलंडचा पँथर त्यानंतरचा, ऑक्टोबर १९६६ चा. आपला त्याच्याही नंतरचा.

३ मे १९६६ ला हेनव्हिल गावात चर्चसमोर सुमारे नऊशे माणसं जमली आणि त्यांनी आपले उमेदवार आपण निवडले. त्याच्या आधी कित्येक महिने रात्री वर्ग चालत. शेरीफ काय करतो, कर कोण बसवतो, शाळेच्या बोर्डाला किती अधिकार असतात, हे हातानं काढलेल्या चित्रांच्या साध्या पुस्तिकांतून समजावून देत. उमेदवार आधी नाही, पदाचं काम आधी. ज्याला जन्मभर शेरीफ दिसला की पळायचं एवढंच माहीत होतं, तो आता विचारत होता, की शेरीफला पगार किती आणि त्याला काढायचं कसं. नोव्हेंबरमध्ये सातही उमेदवार पडले. मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकांतून आणून कोंबड्यावर मतं टाकून घेतली. १९७० मध्ये त्याच संघटनेचा पहिला अध्यक्ष जॉन ह्यूलेट त्या जिल्ह्याचा शेरीफ झाला. तोवर त्यांचा जिल्ह्यापुरता पक्ष राज्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या पक्षात मिळालेला होता, आणि मतपत्रिकेवर पँथर नव्हता.